डोंगर कोणाच्या घोड्यांसाठी?

शहराच्या गजबजाटाला विटलेला, पण शहराने दिलेल्या पैशाला मुळीच न विटलेला असा एक वर्ग गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात तयार झाला आहे. या वर्गाला आता सह्याद्री हवा आहे, आणि तोही शनिवार-रविवारपुरता नव्हे, कायमचा राहण्यासाठी. चार-पाच एकरांचे कुंपण, धरणाच्या पाण्याकडे उघडणारी पडवी, आणि ज्यांची ऐपत आणखी एक पायरी वरची आहे त्यांना तबेला व त्यात दोन काठेवाडी किंवा मारवाडी घोडे. कोणते डोंगरी गाव निवडावे, मुंबईहून किती तासांत पोहोचता यावे, पावसाळ्यात रस्ता तुटतो की नाही, घोड्यांची देखभाल करायला गावात माणूस मिळेल की नाही, याची चर्चा ही मंडळी मोठ्या गांभीर्याने करीत असतात. भंडारदरा, राजूर, घाटघर ही आपल्या अकोले तालुक्यातली नावे त्या चर्चेत वरचेवर येतात.

घोड्यावर प्रेम करणे हा गुन्हा नाही आणि डोंगरात राहावेसे वाटणे हाही नाही. प्रस्तुत लेखकाची तक्रार वेगळी आहे. याच जिल्ह्यात घोड्यांसह डोंगर निवडणारी दुसरीही माणसे आहेत. ती दरवर्षी निवडतात, पिढ्यान्‌पिढ्या निवडीत आली आहेत, आणि त्यांची निवड हा कोणत्याही दिवाणखान्यातल्या चर्चेचा विषय होत नाही. झालाच तर तो पोलीस पाटलाकडे गेलेल्या तक्रारीचा किंवा वनरक्षकाने फाडलेल्या पावतीचा विषय होतो.

दिवाळी उलटली की पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीच्या आणि आसपासच्या माळरानांवरून धनगरांचे वाडे निघतात. वाडा म्हणजे येथे चिरेबंदी घर नव्हे. बरोबर चालणाऱ्या बिऱ्हाडांचा मेळ म्हणजे वाडा. पुरुष मेंढरे घेऊन आडरानाने चारीत जातात. बाया घोड्यांवर संसार लादून सरळ वाटेने पुढच्या तळावर पोहोचतात. त्या घोडीकडे एकदा नीट पाहावे. पाठीवर घोंगड्या आणि वाकळा, दोन्ही बाजूंना भांडी, पिठाचे डबे, मेंढरे कोंडण्याची वाघर आणि तिच्या मेखा, वर एखादी बांधलेली कोंबडी, झोळीत दोन दिवसांचे कोकरू, आणि सर्वांत वर, दोरीने आवळलेले, झोपी गेलेले माणसाचे पोर. मागे शिंगरू. टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर, मढ असे करीत हे वाडे माळशेज घाटाच्या तोंडाशी येतात आणि घाट उतरून मोरोशी, टोकावडे, मुरबाडवरून कल्याण-भिवंडीच्या अंगाला पांगतात. उन्हाळा सरत आला, वळवाचे ढग दिसू लागले की त्याच वाटेने परत वर.

या चालण्याला भटकणे म्हणणे हे अज्ञान आहे. त्यामागे एक पक्का हिशेब आहे, आणि तो आपल्या कृषिखात्याच्या कित्येक योजनांपेक्षा जुना व खरा आहे. नगर जिल्ह्याचा पूर्व आणि मध्य भाग पर्जन्यछायेत पडतो. पश्चिमेला घाटघरावर, ज्याला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात, पाऊस नुसता कोसळतो. पारनेर-पाथर्डीच्या माळांवर मात्र त्याचा दहावा हिस्सा पडला तरी बरे वर्ष म्हणायचे. दख्खनी मेंढराला हाच कोरडा माळ मानवतो. भर पावसात त्याची लोकर भिजून जड होते, चिखलात खूर कुजतात. म्हणून पावसाळा माळावर काढायचा, आणि माळावरचे गवत सरले की कोकणात भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत उतरायचे. तेथला शेतकरी मेंढरे आपल्या शेतात बसवून घेतो, कारण एका रात्रीचे लेंडीखत त्याला पुढच्या भाताला उपयोगी पडते, आणि त्याबद्दल तो धान्य किंवा रोख पैसे देतो. ही देवघेव चालू राहते ती घोडीच्या पाठीवर. टेम्पो सडकेशिवाय चालत नाही, त्याला डिझेल लागते. घोडी बांधावरून, ओढ्यातून, पायवाटेने जाते आणि वाटेतले गवत खाऊन चालते. हल्ली काही वाड्यांनी टेम्पो धरले आहेत हे खरे. पण ते घोडी नकोशी झाली म्हणून नव्हे. घोडी बांधायला जागा उरली नाही म्हणून.

२०१९ च्या पशुगणनेत देशातले घोडे आणि तट्टे मिळून अवघे ३ लाख ४० हजार भरले. त्याआधीच्या, २०१२ च्या गणनेत ते सव्वासहा लाख होते. सात वर्षांत जवळजवळ निम्मे गेले. जे गेले ते शर्यतीचे आणि वरातीचे नव्हेत, हे समजायला पंडित असण्याची गरज नाही. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या लाखमोलाच्या घोड्यांची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतात. ओझे वाहणाऱ्या घोडीचे छायाचित्र येते ते घाटात वाहनाने धडक दिल्यावर.

एक गंमत येथे सांगितली पाहिजे. भीमेच्या थडीवरचे जे काटक तट्टू, ज्याच्या जोरावर मराठ्यांची घोडदळे धावली, त्या भीमथडी घोड्याला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडे स्वतंत्र जात म्हणून नोंदवून घेतले. आनंदाची गोष्ट आहे. हे तट्टू टिकले ते कोणा संस्थानिकाच्या पागेत नव्हे. दख्खनच्या मेंढपाळांच्या दावणीला टिकले. घोड्याला त्याच्या जातीचे प्रमाणपत्र मिळाले. त्याच्या मालकाच्या प्रमाणपत्राचा वाद अजून चालूच आहे. त्या वादाकडे पुढे येऊ.

काही वर्षांपूर्वी ओतूरच्या पलीकडे एका माळावर उतरलेल्या वाड्याबरोबर एक रात्र काढण्याचा योग प्रस्तुत लेखकाला आला. वाड्याचा कारभारी साठीचा होता. पुढचा तळ कसा ठरवता, असे विचारल्यावर त्याने जे सांगितले ते एखाद्या नगररचनाकाराने टिपून घ्यावे असे होते. पहिल्याने पाणी, तेही माणसाला, मेंढराला आणि घोड्याला मिळून पुरेल असे, आणि परतीच्या वाटेवर चैत्र-वैशाखातही टिकणारे. मग जमीन कोणाची, गायरान की जंगलाची की खाजगी. खाजगी असेल तर तो शेतकरी यंदा कोणाच्या नादाने चालतो. रोपवनाची हद्द कुठवर आली. ऊस किती जवळ, कारण उसात बिबट्या असतो आणि तो आधी शिंगराला धरतो. जमीन निचऱ्याची आहे का, कारण ओल धरणाऱ्या जमिनीत घोड्याची टाप बिघडते. बाजाराचे गाव किती कोसांवर. गेल्या वर्षी तेथे कोणाशी भांडण झाले होते का. इतके सगळे डोक्यात ठेवून तो एक दिवस आधी मोटारसायकलवर जाऊन जागा पाहून येतो आणि मग बायांना सांगतो.

त्याची आई चुलीपाशी बसली होती. तिला म्हटले, "आजी, एवढ्या डोंगरांतून जाता, एखादं गाव कायमचं धरावं असं नाही वाटत?" ती म्हणाली, "डोंगर आमाला कशाला रं दादा? डोंगर डोंगरवाल्याचा. आमाला रातच्याला टेकाया जागा द्या, सकाळी आमी नसतोच." थोड्या वेळाने, कोकराला पाजता पाजता, ती पुन्हा म्हणाली, "पर आता रातच्याला बी कोन टेकू देत न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या जमिनीवरून कोणीतरी येऊन वाघर काढायला लावली. ते कोण होते, कोणाच्या सांगण्यावरून आले होते, हे येथे सांगण्याचे कारण नाही. असे कोणी ना कोणी प्रत्येक तळावर येते.

ज्या माळावर पूर्वी वाडे उतरत, त्यांपैकी कित्येकांचा आज थांग लागत नाही. गायरानांवर सरकारी इमारती उभ्या राहिल्या, गावातल्या बड्यांनी बांध सरकवले, कालव्याचे पाणी आले तसा ऊस आला, कांदा आला, द्राक्षबागा आल्या. सार्वजनिक गायराने मोकळी करा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पंजाबमधल्या एका खटल्यात साऱ्या राज्यांना दिला. त्याचा बडगा आपल्याकडे बहुधा झोपडी बांधून राहिलेल्या भूमिहीनावर उगारला गेला, चराईचा हक्क मात्र कोणाला परत मिळाला नाही. शिवाय कल्याण-नगर रस्ता रुंद झाला. त्यावरून रात्रंदिवस कंटेनर धावतात आणि त्यांच्यामधून शे-दोनशे मेंढरे आणि सात-आठ घोडी सांभाळून न्यायची. या रस्त्याच्या रुंदीकरणाच्या वेळी मेंढरांच्या वाटेचा विचार कोणी मांडला होता काय? नगरचीच गोष्ट घ्या. १६२४ मध्ये भातवडीला मलिक अंबरने मुघल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली ती याच माळांवरून दौडणाऱ्या हलक्या घोडदळाच्या बळावर. आज त्या गावापासून जवळच, नगर शहरात, घोडदळाचे रणगाडे झालेले पाहण्यासाठी लष्कराचे उत्तम संग्रहालय आहे. जो घोडा अजून कामावर आहे, तो मात्र कल्याण रस्त्याच्या कडेने जीव मुठीत धरून चालतो आहे.

आता वर, अकोल्याच्या डोंगरात या. १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य घोषित झाले. रानाचे रक्षण झाले पाहिजे याबद्दल आपले दुमत नाही. पण ते रक्षण कोणापासून? मे-जूनच्या सुमारास भंडारदऱ्याच्या परिसरात काजवे चमकू लागले की मोटारींची रीघ लागते, धरणाच्या काठी तंबूंची गावे वसतात, रात्री उशिरापर्यंत दिव्यांचे झोत झाडांवर फिरत राहतात. काजव्यांच्या मीलनाचा काळ हाच असतो, त्यांना अंधार लागतो, हे निसर्गप्रेमीच ओरडून सांगत आले आहेत. या मोटारींना प्रवेशशुल्काची पावती मिळते. मेंढपाळाला मिळते ती दंडाची. म्हणजे पावती दोघांनाही आहे. एकीने आत जाता येते आणि दुसरीने बाहेर काढले जाते.

आणि हे केवळ अकोल्यापुरते नाही. थंड हवेची ठिकाणे वसवण्यासाठी राज्य शासनाने १९९६ मध्येच खास नियमावली केली. त्या धोरणाच्या आधारे मुळशी तालुक्यातल्या मोसे खोऱ्यात लवासा उभे राहिले, आणि पुढे कर्जाखाली कोसळले. तेवढ्याने शहाणपण आले नाही. साताऱ्याच्या डोंगरात आता 'नवीन महाबळेश्वर' आखले जात असून त्याच्या पोटात दोनशेहून अधिक गावे घेतली आहेत. साहेबाने १८५० च्या सुमारास माथेरान निवडले ते स्वतःच्या प्रकृतीसाठी, आणि तेथे घोडी नेली ती स्वतःला बसायला. ओझे वाहायला स्थानिक माणूस होताच. स्वातंत्र्यानंतरचे आपले डोंगरविषयक धोरण साहेबाच्या त्या कल्पनेच्या फारसे पुढे गेलेले नाही. जोतीरावांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना जंगलखात्याने डोंगर-दऱ्या आणि गायराने गिळून गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना फिरायला जागा ठेवली नाही, असा दावाच मांडला होता. त्या दाव्याचा निकाल अजून लागायचा आहे.

येथे आपल्याच मंडळींपैकी काहींना बोचेल असा मुद्दा घेणे भाग आहे. याच जिल्ह्यातली राळेगणसिद्धी आणि हिवरेबाजार ही गावे देशाला आदर्श म्हणून दाखवली जातात, आणि त्यांनी पाणी अडवून, डोंगर हिरवे करून जे मिळवले ते खरोखरच मोठे आहे. त्या कामाचा एक आधारस्तंभ चराईबंदी हा होता. हिवरेबाजारने गुरे डोंगरावर मोकळी सोडणे बंद केले आणि गवत विळ्याने कापून नेण्याची मुभा ठेवली. ज्याच्या गोठ्यात दोन गाई आहेत त्याचे यात भलेच झाले. पण ज्याचा शंभर मेंढरांचा कळप आहे, त्याने विळा घेऊन काय करायचे? त्याची मेंढरे शिवेबाहेर गेली, म्हणजे शेजारच्या गावात गेली. ते गाव आदर्श झाले की त्याच्याही पलीकडे. प्रत्येक गावाने आपापला डोंगर वाचवला आणि मेंढपाळाचा प्रश्न मात्र शेजाऱ्याकडे ढकलला, असे हे झाले. ज्या दिवशी सगळा तालुका आदर्श होईल त्या दिवशी वाडा कोठे उतरेल, हे कोणत्याही आदर्श गावाच्या आराखड्यात लिहिलेले नाही. चराईबंदी सरसकट उठवा असे प्रस्तुत लेखक म्हणत नाही. डोंगराचा कोणता भाग कोणत्या महिन्यात मोकळा ठेवता येईल, हे गवताचे वाढणे-सुकणे पाहून ठरवता येते. धनगर ते शेकडो वर्षे पाहत आला आहे. त्याला बैठकीत बोलावले गेले नाही, एवढेच.

आता सर्वांत दुखऱ्या जागेकडे. जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले. २०२३ च्या ३१ मे रोजी, अहिल्यादेवींच्या जयंतीला, चौंडीत त्याची घोषणा झाली आणि २०२४ मध्ये ते कागदोपत्री पक्के झाले. २०२५ च्या ६ मे रोजी अवघे मंत्रिमंडळ जामखेड तालुक्यातल्या त्या चौंडीत बैठकीला बसले आणि स्मृतिस्थळाच्या विकासासाठी सुमारे ६८० कोटी रुपयांच्या आराखड्याला मान्यता दिली. अहिल्यादेवींचे नाव देण्यास आपण विरोध केला नाही, करणारही नाही. पण अहिल्यादेवींची कीर्ती कशावर उभी आहे, हे या मंत्र्यांपैकी कोणी आठवले काय? काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, विहिरी आणि बारवा खोदल्या, नद्यांना घाट बांधले, पाणपोया घातल्या. चालणाऱ्या माणसाला वाटेत पाणी आणि टेकायला जागा मिळावी, हे राज्यकर्त्याचे कर्तव्य आहे, असे त्या मानीत. मंत्रिमंडळ चौंडीत बसले त्या आठवड्यात त्यांच्याच समाजातले शेकडो संसार कोकणात किंवा माळशेजच्या वाटेवर होते आणि रात्री कोठे उतरायचे या विवंचनेत होते. ६८० कोटींत त्यांच्यासाठी ढवळपुरी ते मुरबाड या वाटेवर दहा हौद आणि दहा तळ बसले नसते काय?

शासन म्हणेल, आम्ही योजना दिल्या आहेत. दिल्या आहेत खऱ्या. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढा अनुदानावर मिळतो. भटकणाऱ्या मेंढपाळाला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६ हजार रुपये चराई अनुदान देण्याचीही तरतूद आहे. पण अनुदान हे चराईच्या बदली दिलेले असते, चराई म्हणून नव्हे. मेंढरे द्यायची, ती चारण्याची जागा काढून घ्यायची, आणि मग जागा नाही म्हणून पैसे द्यायचे, असा हा उलटा व्यवहार आहे.

हक्क मात्र कायद्यात आहे, आणि ही गोष्ट आपल्या फार थोड्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये स्थायिक आणि स्थलांतरित अशा दोन्ही प्रकारच्या चराईचा, तसेच भटक्या व पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा सामुदायिक हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. त्याखालच्या नियमांत तर असे म्हटले आहे की, पशुपालक व भटक्या जमातींच्या दाव्यांची पडताळणी ते लोक किंवा त्यांचे प्रतिनिधी हजर असतील अशा वेळीच करावी. इतका समंजस नियम आपल्या कायद्यांत क्वचितच सापडतो, आणि इतका न वाचलेलाही. अडचण आहे ती पुढच्या पायरीवर. जो अनुसूचित जमातीत नाही त्याला 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. वर्षाचे काही महिने रानात, काही माळावर आणि उरलेले खाचरात काढणाऱ्याने वास्तव्य कोणत्या गावचे दाखवायचे? त्याच्या वास्तव्याचा पुरावा म्हणजे त्याची वाट, आणि वाटेचा सातबारा निघत नाही.

म्हणून धनगर समाजाला वाटते की अनुसूचित जमातीचा दाखला मिळाला की सगळे सुटेल. २०२४ च्या फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठीच्या याचिका फेटाळल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर हा प्रश्न पुन्हा पेटवण्यात आला आणि आदिवासी आमदारांनी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या. अकोल्यातला महादेव कोळी आणि ठाकर, आणि पारनेरचा धनगर, हे एकमेकांचे वैरी आहेत असे चित्र उभे करण्यात सत्ताधाऱ्यांना यश आले. दोन उपाशी माणसांना एका भाकरीवरून झुंजवायचे आणि कोठार शाबूत ठेवायचे, हा खेळ जुनाच आहे. नोकऱ्यांतल्या राखीव जागांबद्दलचा वाद त्याच्या जागी असो. त्याचा निर्णय काहीही लागला तरी चराईचा प्रश्न त्याने सुटणार नाही. अकोल्याच्या डोंगरावर पहिला हक्क तेथल्या आदिवासीचा आहे. पेसा कायद्याने आणि वनहक्क कायद्याने तो त्याच्या ग्रामसभेकडे आला आहे. त्या आजीचे म्हणणे तरी दुसरे काय होते? आदिवासींची ग्रामसभा आणि धनगरांचा वाडा यांनी समोरासमोर बसून, कोणत्या महिन्यात, कोणत्या उतारावर, किती दिवस आणि काय मोबदल्यात, हे ठरवले तर त्यात जंगलखात्याचे काम फक्त नोंद घेण्याचे उरते. त्याच डोंगराच्या कुशीतल्या जमिनींवर शहरातल्या पैशाची नजर आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे जमीन महसूल संहितेचे कलम त्या पैशाला ठाऊक असते, आणि त्याला वळसा घालणारे भाडेपट्टे व भागीदाऱ्याही ठाऊक असतात. आदिवासी आणि धनगर भांडत राहिले तर कुंपण कोणाचे पडणार आहे, हे उघड आहे.

"हे लोक एकदाचे स्थायिक का होत नाहीत?" हा प्रश्न चांगली चांगली माणसे विचारतात, आपल्या पक्षातलीही. मुलांच्या शाळेचा मुद्दा पुढे करतात, आणि तो खोटा नाही. पण ऊसतोडणी कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे काढता येतात, तर मेंढपाळांच्या मुलांसाठी का नाहीत? ऊसतोड कामगाराला आपण स्थायिक हो म्हणत नाही, कारण तो स्थायिक झाला तर कारखान्याचे धुराडे विझेल. मेंढपाळावाचून कोणाचेच धुराडे विझत नाही, म्हणून त्याला उपदेश. आणि स्थायिक व्हायचे तर कोठे? अकोल्याच्या डोंगरात? तेथला पाऊस सोसणारे जनावर डांगी, ज्याचे प्रदर्शन राजूरला भरते. दख्खनी मेंढरू आणि माळावरचे तट्टू तेथे आषाढ काढू शकत नाही. माळावरच राहावे तर माघात गवत नाही. चालणे ही त्याची आवड नसून त्याच्या धंद्याचे अवजार आहे. उद्या कोणी सुताराला म्हणेल की करवत तेवढी सोडून दे, बाकी सुतारकाम खुशाल कर.

बाहेर काय चालते तेही पाहावे. हिमाचल प्रदेशात गद्दी मेंढपाळांना ठरलेल्या वाटांनी ठरलेल्या कुरणांवर जाण्याचे परवाने मिळतात. त्यांतही जाच आहे, पण निदान वाट कागदावर आहे. स्पेनने १९९५ मध्ये कायदा करून मेंढरांच्या जुन्या वाटांना, ज्यांची लांबी सुमारे सव्वा लाख किलोमीटर सांगितली जाते, सार्वजनिक मालमत्तेचा दर्जा दिला. त्या विकता येत नाहीत आणि त्यांच्यावर कुंपण घालता येत नाही. १९९४ पासून तेथले मेंढपाळ शरदात कळप घेऊन राजधानी माद्रिदच्या भर रस्त्यातून जातात, तो आपला हक्क आहे हे दाखवायला. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणांचे आणि पशुपालकांचे म्हणून जाहीर केले. आपल्या मंत्र्यांची त्यावरची भाषणे ठरलेली आहेत. त्यांत घोडीचा उल्लेख येतो का, तेवढे पाहावे.

आता आपल्याविषयी. या जिल्ह्यात डाव्या आणि समाजवादी चळवळीने शेतमजूर संघटित केले, दुष्काळात मोर्चे काढले, धरणग्रस्तांसाठी लढे दिले. धनगराच्या तळावर आपली सभा किती वेळा झाली? खरे उत्तर लाजिरवाणे आहे, आणि त्याचे कारणही. २०२४ ची लोकसभेची मतदानाची तारीख या जिल्ह्यात १३ मे होती, विधानसभेची २० नोव्हेंबर. पहिलीच्या वेळी वाडे परतीच्या वाटेवर होते. दुसरीच्या वेळी दिवाळी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, म्हणजे ते निघालेले होते. जनगणनेची मोजणीही परंपरेने फेब्रुवारीत होते, जेव्हा ते मुरबाडच्या खाचरांत असतात. जो मतदानाला गावात नसतो तो पक्षांच्या हिशेबात नसतो, आणि आपणही हाच हिशेब मुकाट्याने स्वीकारला. २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत भटक्या पशुपालकांच्या जनावरांची प्रथमच वेगळी नोंद घेण्याचे ठरले. सरकारी पशुगणनेला जे सुचले ते आपल्या तालुका समित्यांना सुचू नये?

करायचे काम अवघड नाही. ढवळपुरीपासून मढपर्यंतचे जुने तळ वाड्यांच्या कारभाऱ्यांकडून आणि त्यांच्या बायकांकडून, कारण तळ त्यांनाच अधिक आठवतात, विचारून कागदावर उतरवायचे. प्रत्येक तळाचा गट क्रमांक तलाठ्याकडून घ्यायचा. ती जागा आज कोणाकडे आहे ते लिहायचे. जेथे वनजमीन आहे तेथे वनहक्काचा सामुदायिक दावा तयार करायचा. जेथे गायरान आहे तेथे ग्रामसभेत ठराव मांडायचा, आणि अकोल्यात आदिवासी साथींबरोबर आधी बसायचे, दावा मग. पावसाळ्यात वाडे माळावर असतात. श्रावण ते आश्विन हा आपल्या हातातला वेळ आहे. टाकळी ढोकेश्वर ते आळेफाटा हा टप्पा पारनेरच्या कार्यकर्त्यांनी घ्यावा, आळेफाट्याच्या पुढचा जुन्नरच्या साथींनी. ओतूरपलीकडचा तो माळ, जेथे वाघर काढायला लावली गेली, तो कोणाच्या नावावर आहे हे काढण्याचे काम प्रस्तुत लेखकाने स्वतःकडे घेतले आहे.